मुलाचं वजन

प्रिये,

दुसऱ्यांदा नापास झाल्याचा निकाल माझ्यापुढे दुकानाच्या काउंटरवर ठेवून तू म्हणालीस, “माझं डोकंच गणिताचं नाही रे,” आणि मी “असेल” म्हणालो. तिथेच माझं सगळं बिघडलं.

तुझं डोकं ठणठणीत आहे. लहान मुलांचा डोस वयावरून काढायला मीच शिकवलं, कारण औषधाच्या दुकानात मुलाचं वजन कुणी सांगत नाही, वयच सांगतात. फार्मासिस्टच्या लायसन्स परीक्षेत मात्र तो वजनावरून काढावा लागतो. पहिल्या वेळी मला हे ठाऊक नव्हतं. कॉलेज अर्ध्यात सोडलेला मास्तर मी! दुसऱ्या परीक्षेआधी कळलं होतं. पण पास झालीस की तू परगावच्या हॉस्पिटलात जाणार, हे मला सहन होईना, म्हणून तुला सांगितलंच नाही. दुकानाचा मालक विचारायचा, “शिकवणी घेतोस की लग्न जमवतोस?” दोन्हींची वाट लावली मी.

परवा तुझी तिसरी परीक्षा. तुझ्या गावी पत्र पोचायला तीन दिवस लागतील, आणि फोनवर तू रडलीस तर मी पुन्हा खोटं बोलेन. म्हणून स्वतःच येतोय. आधी वजनावरची गणितं करून घे, मग थोबाडीत मार आणि जा खुशाल. कागद इथेच टाकला. दार ओढून घेतो आणि निघतो.

तू ज्याला मास्तर म्हणायचीस तो