निळा डस्टर

प्रिय शेजारीणबाई,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. ते तरी तुला कट करता येणार नाही. मोठ्या बाईंनी तुझा राजीनामा अजून पुढे पाठवलेला नाही. शनिवारपर्यंत थांबते, म्हणाल्या. मग त्यांचाही नाइलाज आहे. मी मान डोलावून वर्गात आले आणि उगाचच पोरांवर खेकसले.

तुझ्या वर्गावर आलेल्या नव्या बाईंनी माझ्या नाकी नऊ आणलेत. वाईट नाहीत गं, फारच चांगल्या आहेत, तीच तर पंचाईत आहे. परवा माझ्याकडच्या एकाचं गणित चुकलं, त्यानं पान टराटरा फाडलं आणि बाकाखाली जाऊन रडत बसला. मी सवयीनं म्हटलं, जा, शेजारच्या बाईंकडून निळा डस्टर घेऊन ये. नव्या बाईंनी कपाट उघडून पाहिलं आणि आमच्याकडे निळा नाही, असं सांगून त्याला आल्या पावली परत पाठवलं. पोरगा आला तो तसाच हुंदके देत. दुसऱ्या दिवशी बाईंनी काय करावं? बाजारातून खरोखरचा निळा डस्टर विकत आणला! मी कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं, की बाई, असा डस्टर नसतोच. पोराचं डोकं तापलंय, एवढाच त्याचा अर्थ. त्याला पाणी द्यायचं, फळा पुसायला लावायचा, काय झालं म्हणून विचारायचं नाही, आणि श्वास जागेवर आला की 'नाही सापडला, सांग' म्हणून परत पाठवायचं. त्यांनी विचारलं, किती मिनिटं? आता बोल! इतकी वर्षं आपण एकमेकींकडे पोरं धाडली, घड्याळाकडे कधी पाहिलं का गं?

आणि तू. तुझ्यावर तर मी जास्तच वैतागलेय. आई गेल्यावर इतक्या लवकर कामावर येऊ नकोस, असं कानीकपाळी ओरडत होते. आलीस. तुझ्या वर्गातली ती पोरगी, आपली 'ढोलकी', बाक वाजवत होती, ती रोजच वाजवते. तू किंचाळलीस, खडू टाकलास आणि माझ्या दारावरून निघून गेलीस. संध्याकाळी राजीनामा, वर 'मी वर्गात उभं राहायच्या लायकीची नाही.' लायकी म्हणे! किंचाळणाऱ्या प्रत्येकाला आपण काढून टाकलं असतं, तर शाळेत नुसते बाक उरले असते. पोरांना कधी एवढी शिक्षा केली नाहीस, मग स्वतःलाच का? मला राग येतो आणि तुझी फार आठवण येते. मधल्या सुट्टीत डबा उघडते आणि तशीच बसून राहते.

खरं तर शनिवारी मोठ्या बाईंना 'ती काही परत येत नाही' असं सांगून मी मोकळी होणार होते. तू ऐकणाऱ्यातली नाहीस, हे मला माहीत आहे. पण काल जिन्यात ढोलकीनं मला अडवलं आणि विचारलं, आमच्या बाईंना निळा डस्टर सापडला का? मला कळेना. तेव्हा ती माझ्यावरच वैतागली, अगदी मी तुझ्यावर वैतागते तशी. म्हणाली, तो नसतोच, आम्हाला केव्हाचं माहितीये. डोकं भरलं की जायचं असतं आणि मग परत यायचं असतं. आमच्या बाई पण गेल्यात. पण त्यांना 'नाही सापडला' असं कुणी सांगितलंच नसणार, म्हणून अजून शोधत बसल्यात. मग तिनं वर्गातून नव्या बाईंचा तो डस्टर आणून माझ्या हातात कोंबला, आता हाच द्या म्हणाली. तो पाकिटात मावेना, म्हणून हे पुडकं. सापडला एकदाचा. शनिवारच्या आत ढोलकीच्या हातात परत आणून दे.

तुझीच,
भिंतीपलीकडची