मायाळूची भिंत

लातूर, १० जून २०१९
पोचलो एकदाचे. नांदेडपासून बसमध्ये ट्रंकेवर पाय ठेवून बसले, पायाची पार लाकडं झाली. पण वसतिगृह बघून शीण गेला. चार मजले, आणि बाहेरून भिंत म्हणून दिसत नाही, नुसती पालेभाजी. एकावर एक लोखंडी कप्पे, त्यात पालक, मेथी, चुका. आंघोळीचं पाणी गाळून नळ्यांनी वर चढतं. भर गावात उभं शेत, आणि ते अन् वसतिगृहातल्या पोरी आता माझ्या ताब्यात. मालक शिवप्रसादअप्पा पगार बेताचाच देणार, पण माझ्या मनूला डॉक्टरकीचा क्लास आणि दुसऱ्या मजल्यावर खाट फुकट. हे गेल्यापासून आमच्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं.

१४ जून
स्वयंपाकीण नागुबाई लई वल्ली. भूकंपात तिचं घर गेलं. तेव्हापासून ती पातेली एकावर एक रचून वर तांब्या उलटा ठेवते. तांब्या वाजला की बाहेर पळायचं. मला म्हणाली, ताई, आतून कडी लावत जाऊ नगा. मी हसले. मनूला म्हटलं, या बाईचं ऐकलं तर आपण अंगणातच संसार मांडू.

२० जून
कप्पे सरकवताना भिंतीत चीर दिसली. बोट जाईल एवढी. नेमकी मनूच्या खाटेमागे. ओल्या मातीचं वजन भिंतीला पेलत नाही, हे कळायला इंजिनियर कशाला हवा. अप्पांना सांगितलं. शांतपणे म्हणाले, रविवारी पोरींचे आईबाप येणारेत, पावसाळा सरला की बघू, तोवर एखादा वेल सोडा की तिथं. मग मनूचा अभ्यास कसा चाललाय ते विचारलं, फार आपुलकीनं. मला कळायचं ते कळलं.
बाहेरून मायाळूचा वाढलेला वेल आणून लावला. आतून कपाट सरकवलं.

२३ जून, रविवार
पार पडलं. लोकांनी भिंतीपुढं उभं राहून फोटो काढले, मायाळूची भजी खाल्ली. चाकूरच्या महादेवीचे वडील हात जोडून म्हणाले, लेकराकडं ध्यान ठेवा ताई. मी हो म्हटलं.
काल मी मनूची खाट चौथ्या मजल्यावर नेली. तिच्या जागी महादेवीला घातलं. सांगितलं की इथं वारा चांगला येतो. पोरीनं माझे आभार मानले. लाज वाटते, आणि तरी मी ते बदललं नाही.

२६ जून
महादेवीच्या भिंतीवरचा मायाळू वाळला. चौथ्या मजल्यावर मनूच्या खिडकीशी मात्र हिरवागार वेल. तिथं मी बी टाकलेलं नाही. पानं बाजूला केली. खाली चीर होती. वेल मुळापासून कापला.

२७ जून
सकाळी पुन्हा आला, हातभर. मनूला पहिल्या मजल्यावर आणलं. आधी सगळ्या भिंतीवरून हात फिरवला. भिंत धड होती.

२८ जून
तिथंही वेल. तिथंही चीर. महादेवीच्या खोलीत जाऊन कपाट ओढलं. तिथली चीर बुजलीय. कुणी सिमेंट लावलं नाही, काही नाही. मी मनूला जिथं नेते तिथं ती— देवा, मी काय करून बसले.

२९ जून
अप्पांना सांगून टाकलं, सगळ्यांच्या घरी फोन करते. म्हणाले, मग मनूची जागा गेली समजा. जाऊ दे म्हटलं.
मनूला म्हटलं सामान बांध. तिला नवल वाटलंच नाही. तिची बोटं जांभळी होती, मायाळूच्या फळांनी. तिला चीर पहिल्यापासून ठाऊक होती. वेल मी आणत नाही, म्हणाली, तो आपला येतो. मी फक्त तू यायच्या आत पानं चिरेवर नीट पसरते. कुणाला दिसलं नाही पाहिजे ना आई. जागा जाईल माझी.
हे तिला कुणी शिकवलं ते मला विचारावं लागलं नाही.

दुपारी
पोरींना अंगणात यायला सांगितलंय. येतायत एकेक. महादेवी आली. मी फाटकाशी ट्रंकेवर बसलेय, रिक्षा येईल आता. मनू वर गेली, वह्या राहिल्या म्हणून.

वेळ लावला हिनं.

हाक मारली. ओ दिली. पण कुठून ते— मघाशी तिची खिडकी दिसत होती. आता नुसती पानं. कुठली खिडकी तिची तेच कळेना. सगळं झाकून टाकलंय, मी—

स्वयंपाकघरात तांब्या