पाहुण्याचे बूट

२ जुलै

पोचलो एकदाचे. सामान म्हणजे तीन बॅगा, एक शिवणयंत्र आणि एक बेडक्या. बेडक्या हा माझा मुलगा. पोटात असताना इतक्या उड्या मारायचा की नाव तेव्हाच पडलं. आता पंधरावं लागलंय, त्यामुळे चारचौघांत त्या नावाने हाक मारायला मला सक्त मनाई आहे. घरात मात्र माझंच राज्य.

मी इथल्या फुटबॉल क्लबची नवी फिजिओ. क्लबने राहायला दोन खोल्या दिल्यात, प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या अगदी मागे. ओट्यापाशी उभं राहिलं की अर्धं मैदान दिसतं. नळाला पाणी आहे, खिडकीची कडी नीट लागते, आणखी काय हवं? माझी नोकरी आणि बेडक्याला ज्युनियर संघात जागा, दोन्ही एकदम जमून आलं. त्याचे बाबा गेल्यापासून वर्षभर हा मुलगा धड बोललाही नव्हता. आज मैदान दिसलं तसा चपला भिरकावून गवतावर पळत सुटला. चपला माझ्या होत्या. हल्ली आमच्या दोघांच्या पायाचं माप एकच आहे, आणि चांगल्या चपला नेहमी त्याच्याच पायात असतात.

६ जुलै

खेळाडू ज्या बोगद्यातून मैदानात उतरतात, त्याच्या तोंडाशी माझी कामाची खोली आहे. एक टेबल, बर्फाचं मशीन, मलमांचा वास. मला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, पण पोटरी एकदा हाताखालून गेली की विसरत नाही. ज्युनियरमध्ये एक पोरगा आहे, सदा शिट्टी वाजवत असतो, म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणतात. त्याचा उजवा घोटा फिरवला की दोनदा वाजतो, कट्-कट्. खेळतो मात्र असा, की हातातलं काम सोडून मी खिडकीत जाऊन उभी राहते. आमच्या चिरंजीवांच्या डाव्या पोटरीत वाटाण्याएवढी गाठ आहे, सायकलवरून पडला होता तेव्हाची. रोज संध्याकाळी तंगडी माझ्या मांडीवर टाकतो आणि फर्मावतो, दाब.

इथे कोच दोन. मोठे कोच पहिल्या संघाचे, छोटे कोच ज्युनियरचे. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. दुसऱ्या क्लबांकडून मोसमापुरते उसने आणलेले खेळाडू इथे ‘पाहुणे’ म्हणून ओळखले जातात आणि आपले ज्युनियर म्हणजे ‘घरची मुलं’. छोटे कोच म्हणतात, घरच्या मुलांना दोन वर्षं द्या, पाहुणे आणावेच लागणार नाहीत. मोठे कोच म्हणतात, दोन वर्षं कुणाकडे आहेत, यंदा हरलो तर खालच्या गटात जाऊ. खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटतं. पण घरचं मूल माझंही आहे.

१५ जुलै

मोसमातला पहिला पाहुणा आला. वय उताराला लागलेलं, मांड्या लाकडासारख्या कडक. मी मनात म्हटलं, हा कसला पळतोय. माणूस मात्र सालस. टेबलावर झोपला तो माफी मागतच.

इथली एक रीत आज कळली. पाहुण्याला क्लब कोरे बूट देतो, पण कोरे बूट चावतात. म्हणून ज्याच्या पायाचं माप जुळेल असं घरचं मूल ते आठवडाभर घालतं आणि मऊ करून देतं. बूट सांभाळणारा किटमास्तर माप घेत मुलांमधून फिरला आणि शिट्टीपाशी थांबला. शिट्टीची छाती अशी फुगली की विचारू नका. बाकीची मुलं हिरमुसली. जेवताना बेडक्याने विचारलं, आपला नंबर कधी लागणार?

२३ जुलै

पाहुणा काय खेळला आज! दोन गोल, दोन्ही शिट्टीच्या पद्धतीने. पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू ओढायचा आणि अंग मात्र भलतीकडे वळवायचं. बेडक्यालाही ते लगेच दिसलं. म्हणाला, आई, हे तर शिट्टीचं आहे.

सामन्यानंतर पाहुणा टेबलावर आला. मांड्या लोण्यासारख्या मऊ. उजवा घोटा फिरवला तर वाजला, कट्-कट्. आल्या दिवशी मी तोच घोटा तपासला होता. तेव्हा वाजला नव्हता.

वाटलं, असेल. घोट्यांचं काय, वाजतात.

३० जुलै

शिट्टीला बोलावून घेतलं. घोटा फिरवला, चारचारदा फिरवला. आवाज नाही. दुखतंय का म्हटलं, तर नाही म्हणाला. आज त्याच्या पायातून साधा सरळ आलेला चेंडू निसटत होता. वाईट वाटतं का, असं मी विचारलं. तो जरा विचार करून म्हणाला की वाईट वाटायला हवं हे कळतंय, पण वाटत नाही. पुढच्या आठवड्यापासून त्याला कपडे धुण्याच्या खोलीत काम देणार आहेत. क्लब आपल्या मुलांना वाऱ्यावर सोडत नाही, असं मोठे कोच अभिमानाने सांगतात.

तो दारातून गेला आणि मग माझ्या लक्षात आलं की हल्ली तो शिट्टी वाजवत नाही. शिट्टी ऐकू येत होती ती बोगद्यातून, पाहुण्याची.

८ ऑगस्ट

छोट्या कोचना काढून टाकलं. निघताना माझ्या खोलीत आले आणि टेबलाच्या कडेवर बसले. म्हणाले की दरवर्षी मुलं तयार करायची आणि दरवर्षी ती हातातून जायची, पण जातात कशी हे आजवर कळलं नाही. मग मला ओढत बाहेरच्या भिंतीपाशी घेऊन गेले. तिथे जुन्या ज्युनियर संघांचे फोटो आहेत. मी रोज त्यांच्यासमोरून जाते, पण कधी निरखून पाहिलं नव्हतं. त्यांनी बोट ठेवत ठेवत दाखवलं. हा गवत कापणारा. हा बसचा ड्रायव्हर. हा किटमास्तर, हातात चषक, तोंडभर हसू.

किटमास्तरला विचारलं. तो फोटोकडे बघून कौतुकाने म्हणाला की पोरगा माझ्यासारखाच दिसतो, नाही का? पण मी काही कधी खेळलो नाही. खोटं बोलणारा माणूस नव्हे तो. मला रडू आलं. तो बिचारा माझ्यासाठी पाणी आणायला धावला.

१३ ऑगस्ट

नवा पाहुणा येतोय. डावखुरा. त्याचे कोरे बूट माझ्या घरात आहेत.

बेडक्याने ते उशाशी ठेवलेत. सारखा हात फिरवतो. वर्षभरानंतर हा मुलगा इतका हसताना दिसतोय, आणि मी त्याला सांगितलं की बूट घालायचे नाहीत. सगळं सांगितलं, शिट्टीचं, घोट्याचं, फोटोंचं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला की बाबा गेल्यावर तू माझा खेळही बंद केला होतास, आता हेही बंद कर. बूट नाकारले तर उद्या त्याचं नाव संघातून जाईल. इथून निघून जाऊ म्हटलं, तर भिंतीकडे तोंड करून झोपला. ती पाठ मी वर्षभर पाहिली आहे. पुन्हा नाही बघवणार.

१४ ऑगस्ट

तोड सापडली. कशी सुचली नाही आधी!

बूट मीच घालणार. माप एकच. दोन मोजे चढवायचे आणि कामाच्या खोलीत दिवसभर तेच घालून वावरायचं. बूट मऊ होतील, संघातलं नाव टिकेल, पाय शाबूत राहतील. बेडक्या आधी हसला, मग कबूल झाला. त्याला वाटतंय, आईचं डोकं फिरलंय. वाटू दे. मी जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही. माझ्याकडून हे बूट नेणार तरी काय?

१७ ऑगस्ट

चावतात मेले. टाचेला फोड आलाय. मोठे कोच येताना दिसले तसे मी बूट काढून टेबलावर ठेवले, ते वाकवून बघून गेले. घरी मुलगाच घालतो असं मी सांगितलं. छान मऊ होतायत, म्हणाले.

आज एकाच माणसाचा स्वयंपाक केला. चुकून. बेडक्या ताटाकडे बघत राहिला. मग दोघांनी अर्धं अर्धं खाल्लं आणि खूप हसलो. दमते हल्ली मी, दुसरं काय.

१९ ऑगस्ट

त्याने तंगडी मांडीवर टाकली आणि मी विचारलं, कुठे दुखतंय? तो म्हणाला, आई, नेहमीच्या जागी. मी शोधत राहिले. गाठ सापडली, पण हाताला ओळखीची वाटली नाही. कुणा परक्याची पोटरी असावी तशी.

सायकल कोणत्या रंगाची होती? निळी. निळीच असणार.

२० ऑगस्ट

कळलं. कळलं मला. या बुटांना खेळ नको असतो. माणसाने जे जिवापाड धरून ठेवलेलं असतं ते — शिट्टीने चेंडू धरला होता. आणि मी —

बूट काढून फेकले. किटमास्तर घेऊन गेला. म्हणाला, झाले की मऊ, आता नाही लागणार.

२३ ऑगस्ट

डावखुरा पाहुणा आला. खेळ बेताचाच. सराव सोडून सारखा ज्युनियर मुलांच्या कडेला जाऊन उभा राहतो. एका मुलाच्या बुटाची नाडी सुटली होती, तर गुडघ्यावर बसून बांधून दिली. त्याची डावी पोटरी हातात घेतली आणि न शोधता अंगठा नेमका एका जागी ठेवला. मुलगा हात झटकून पळाला.

पाहुण्याने मागून हाक मारली. बेडक्या. विचित्रच नाव.

रडत होता तो माणूस. मला म्हणाला की माझं लग्नही झालेलं नाही, मग हे काय होतंय मला. मी पाणी दिलं.

२५ ऑगस्ट

घरात एक मुलगा आहे. शहाणा आहे. पाणी भरतो, अंथरुणं घालतो. मला आई म्हणतो. क्लबात सगळेच प्रेमळ आहेत.

पोटात काहीतरी उड्या मारल्यासारखं होतं अधूनमधून. भूक नाही. कसली तरी खूप खूप आठवण येते, आणि कुणाची ते —

२६ ऑगस्ट

मुलाने आज खेळायला जायचं नाही म्हटलं. आपण इथून जाऊ, म्हणतो. मी म्हटलं, तुझं नाव कटेल ना संघातून. कटू दे, म्हणाला.

मग माझ्या मांडीवर पाय टाकून म्हणाला, दाब. हाताला एक गाठ लागली. वाटाण्याएवढी. मी विचारलं, बाळा, ही कधीची? घरी दाखवलीस का?

तो तोंड झाकून रडायला लागला. मलाही रडू आलं. परक्याच्या मुलासाठी इतकं कुणी रडतं का? मी त्याला जवळ घेतलं. केसांना गवताचा वास —

अंधार पडायच्या आत त्याला घरी पोचवून यायला हवं. त्याची आई वाट बघत अस—