राजाला मी वाचवला, त्याबद्दल

असोदा, ता. १२ एप्रिल १९८७

तीर्थरूप दाजींच्या पायी कौतिकचा दंडवत. तुमचा गुडघा आता कसा आहे? मंजुळाअक्काला म्हणावं, वाळवणाची खाट एकटीने उचलू नकोस. आम्ही इकडे बरे आहोत. मला जेवण जात नाही, पण तेवढं सोडून बरे आहोत.

दाजी, तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगतो. यात्रेतलं नाटक माझ्यामुळे मोडलं. पडद्यामागे वही धरून पात्रांना वाक्यं पुरवायचं काम गेली बावीस वर्षं माझ्याकडे आहे (शाळा चौथीपर्यंतच, पण माझ्याइतका खणखणीत वाचणारा गावात दुसरा नाही, निदान दुसऱ्याच्या हाती मी वही जाऊ दिलेली नाही). राजा होतो चिंधा. आवाज मोठा, पाठांतर शून्य. मी म्हणेन ते तो म्हणतो. एका वर्षी मला ठसका लागला, तर राजाही खोकला.

नाटक आमच्या आजोबांच्या वेळेपासूनचं. राजा शेजारच्या राजाला शब्द देतो की तुझी मुलगी माझी सून. युवराज नाही म्हणतो. शब्द मोडला म्हणून राजा पोराला राज्याबाहेर काढतो, मग रोज वेशीवर जाऊन वाट बघतो, पण बोलावत नाही. शेवटी पोराचं प्रेत येतं. बायका डोळे पुसत राजाला शिव्या घालतात. मला तो माणूस कधीच दुष्ट वाटला नाही. हट्टी आहे, कबूल. पण शब्दाचा पक्का, आणि त्याला पोरगा नको होता असं कुठे लिहिलंय? मी वही तीनदा पाहिली.

या वर्षी वेशीचा प्रवेश आला. चिंधा थांबला, कान माझ्याकडे. वहीत होतं, 'शब्द गेला, पुत्रही गेला.' मी वाचलं (ठरवून केलं नाही, अक्काची शपथ), 'जा, माझ्या पोराला घेऊन या.' चिंधाने ते गर्जून म्हटलं. शिपाई गोंधळले, पण राजाची आज्ञा, म्हणून आत चहा पीत बसलेल्या युवराजाला दंड धरून घेऊन आले. प्रेत व्हायचं म्हणून त्याने तोंडाला पांढरी पावडर फासली होती. राजाने त्याला मिठी मारली आणि पुढचे दोन अंक करायला काही उरलंच नाही. स्मशानाचा पडदा यंदा नवा रंगवून आणला होता, तो उघडलाच नाही. कमिटीने माझ्याकडून वही काढून घेतली.

घरी वच्छला ताटात भाकरी टाकताना म्हणाली, "राजाच्या पोराले बोलावलं. आपल्या पोराले कधी?"

दाजी, सहा वर्षांपूर्वी मीही भादलीच्या पाहुण्यांना शब्द दिला होता. रुपचंदने तिकडे धुळ्यात, देवपुरात स्वतःच लग्न ठरवलं. मी म्हणालो, मी बोलावल्याशिवाय उंबरा चढायचा नाही. पोरगं आज्ञाधारक निघालं, हीच पंचाईत. परवा जळगावच्या स्टँडवर तीच भादलीची मुलगी भेटली, एक मूल कडेवर, एक बोटाला. पाया पडून विचारते, "आबा, रुपचंदभाऊ येतो का घरी?" तिला कसला राग नाही, तर मी कोणासाठी धरून बसलोय? नंतर धुळ्याची गाडी लागली. ती सुटेपर्यंत मी नुसती पाटी वाचत उभा होतो.

आपला नम्र,
कौतिक

ता. क. वहीची काळजी करू नका. ते अक्षर माझ्याशिवाय कोणाला लागत नाही, कमिटी आपणहून परत आणून देईल.

ता. क. रुपचंदला यातलं काही सांगू नका. बाप वाकला असं त्याला वाटेल.

ता. क. तो रविवारी तुमच्याकडे जेवायला येतो म्हणे. हे पत्र त्याच्या ताटाजवळ उघडं राहिलं तर माझी हरकत नाही. दुसऱ्याची पत्रं वाचायची त्याला लहानपणापासून खोड आहे.

ता. क. रुपचंद, दुसऱ्याचं पत्र वाचू नये. आता वाचलंच आहेस, तर सूनबाईला घेऊन ये. तिचं नाव काय, हे सहा वर्षांत मी कोणाला विचारलेलं नाही.