रोडग्यांचा ज्वालामुखी आणि जावईबापूंचा खुलासा

वलगाव, जि. अमरावती
बुधवार, दि. १० जून

चि. श्यामराव जावईबापू यांस,

वामनरावांचे पोटभर आशीर्वाद, आणि वय लहान असलं तरी जावयाचा मान मोठा, म्हणून वर एक नमस्कारही. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. तुमच्या सासूबाईंचे गुडघे उन्हाळ्यात जरा बरे असतात, तसे आहेत. विहिरीला पाणी आहे आणि वांगी अशी लागली आहेत की तोडून तोडून कंबर मोडली. तुमची तब्येत कशी आहे? ॲसिडिटी रविवारपासून फार वाढली असं वर्षाली म्हणाली. ऐकून नवल वाटलं, कारण रविवारी तुम्ही नागपूरला मीटिंगला होता आणि आमच्या हातचं काहीच खाल्लं नव्हतं.

फोन न करता पत्र लिहितो आहे, याचं कारण तुमची बायको. माझी मुलगी असली तरी फोनवर ती मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाही. 'बाबा, यायले मालकानं लेखी खुलासा मागितला. शनिवारलोक दिला नाही तं नोकरी जाते. काय करून ठेवलं तुमी?' एवढं बोलून तिनं फोन ठेवला, आणि नंतर उचललाच नाही. कागद मध्येच बोलत नाही, म्हणून हे पत्र. ते माझा पुतण्या देवानंद याच्या हाती देतो आहे. तो रोज सकाळी टेम्पोत भाजीपाला घालून अकोल्याला नेतोच. तुम्ही अद्भुतनगरी पार्कात मॅनेजर होऊन जेमतेम तीन महिने झाले. तुमची नोकरी माझ्यापायी जाणार असेल तर निदान काय घडलं ते तुम्हाला नीट कळावं.

मूळ चूक, राग मानू नका, तुमच्या एका शब्दाची आहे. मार्चमध्ये तुम्ही चार पास माझ्या हातात ठेवले आणि म्हणालात, 'मामाजी, एकदा सगळे या पार्क पाहायला.' आता सगळे म्हणजे किती, हे तुम्ही सांगितलं नाही. तुमच्या अकोल्याच्या फ्लॅटमध्ये सगळे म्हणजे चार होत असतील. वलगावात सगळे म्हणजे आमची भावकी, भावकीच्या सुना, शेजारचे दोघे (ते आमच्याकडच्या प्रत्येक कार्याला असतात, त्यांना कसं टाळणार?) आणि चांदूर बाजारहून मुद्दाम बोलावलेली माझी थोरली बहीण पार्बताबाई, म्हणजे आमची आक्का. असे रविवारी सत्तावीस झालो. मला तर वाटत होतं की थोडेच निघालो, तुम्ही नाराज व्हाल.

आता सत्तावीस माणसं घराबाहेर पडली की गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आलेच. हे तुम्हाला सांगायला नको, पण खुलाशात लिहावं लागेल म्हणून सांगतो. महादेवाला गेलो तरी रोडगे, शेतात पार्टी केली तरी रोडगे, मग एवढ्या मोठ्या साहेबाच्या पार्कात काय बिस्किटं खायची? गेटवर तुमच्या शिपायानं पिशव्या तपासल्या. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत अशी पाटी होती, ती मी मोठ्यानं वाचून दाखवली. कणीक कच्ची आहे, तिला खाद्यपदार्थ म्हणत नाहीत. वांगी कच्ची आहेत. राहिलं गोवऱ्यांचं पोतं. त्या शिपायानं पाटी वरून खाली दोनदा वाचली. दारू होती, फटाके होते, पाळीव प्राणी होते, पण गोवऱ्या नव्हत्या. तो बिचारा बाजूला झाला. तिथेच आक्काचंही झालं. चार फुटांच्या आतल्यांना अर्धं तिकीट, म्हणून एक रंगीत पट्टी लावली आहे ना तुम्ही? आक्का वयानं वाकलेली, पट्टीच्या चांगली चार बोटं खाली भरली. 'पट्टी तुमची, उंची माही. मंग अर्धं तिकीट काहून नाही?' असं तिनं विचारलं, आणि मागच्या रांगेतल्या लोकांनी तिची बाजू घेतली. यात माझा काही हात नाही.

आत गेल्यावर मात्र लोकांचं वागणं पाहून माझा जीव जळला. तुमच्या सिमेंटच्या हत्तीच्या कानावर एक पॅन्ट-शर्टातला गृहस्थ किल्लीनं बायकोचं नाव कोरत होता. (नाव आचल. 'च'चं पोटही त्याला नीट काढता आलं नाही.) खेळण्यातल्या रेल्वेच्या बोगद्यात एक बाई पोराला सू करायला बसवत होती. राजापेठेतले तीन शिकलेले जवान, तंबाखूचा खर्रा तोंडात, कारंज्यात थुंकत होते. मी त्यांना असं झापलं की तिघांनी चूळ भरली. (तीही कारंज्यातच भरली, ही गोष्ट वेगळी.) सार्वजनिक ठिकाणी कसं वागावं हे लोकांना कळतच नाही, जावईबापू. तुमच्या नोकरीचं खरंच वाईट वाटलं मला.

आमच्याकडून तसं काही झालं नाही. जे झालं ते सवयीनं झालं. त्या रोलर कोस्टरचंच पाहा. रांग ही एवढी मोठी. देवानंद टेम्पोवाला माणूस, त्याला थांबायची सवय नाही. गाडी येऊन लागली तसा तो कठड्यावरून वाकला आणि एसटीत टाकतात तसे अकरा सीटवर दुपट्टे, टॉवेल आणि वांग्यांची पिशवी टाकून मोकळा झाला. मग आम्हाला बोलवायला मागे आला. आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. ज्या सीटवर दुपट्टा पडला ती सीट कलेक्टरसुद्धा घेत नाही. रांगेतल्या एकाही माणसानं तिथं बूड टेकवलं नाही. कोणी हसलं नाही, कोणी भांडलं नाही, सगळे मागच्या सीटवर गेले. (लोकांचं हे वागणं मात्र वाखाणण्यासारखं.) बटण दाबणाऱ्या पोराला वाटलं की पुढच्या सीट मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आहेत, आणि त्यानं बटण दाबलं. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा आमचे दुपट्टे आभाळात उलटे लटकत होते. पहिल्या वळणावर टॉवेल गेले, दुसऱ्या वळणावर पिशवीचं तोंड उघडलं. मी चाळीस वर्षं वांगी पिकवतो, पण वरून पडताना कधी पाहिली नव्हती. एक एका साहेबाच्या आइस्क्रीमवर पडलं. तो वर पाहून म्हणाला, 'अबे, हे कोनतं फ्लेवर हाय?' माणूस चांगला होता, रागावला नाही. पुढे तो आमच्या पंगतीतही बसला.

आक्कानं त्या गोल फिरणाऱ्या नदीत लुगडं धुतलं, ही तक्रारही तुमच्या मालकाकडे गेली आहे म्हणे. लेझी रिव्हर म्हणजे आळशी नदी, असं देवानंदनं तिला सांगितलं. ती म्हणाली, 'वाहतं पानी हाय, दगड हाय, मंग लुगडं धुवाले काय होते?' लोक टायरवर बसून तरंगत येत होते आणि आक्का त्यांना पाय वर घ्यायला सांगत होती. साबण फार नव्हता. फेस जास्त दिसला, तो पाणी गोल फिरतं म्हणून.

आता ज्वालामुखी. मधोमध जो डोंगर आहे, त्याच्या मागच्या बाजूला सावली चांगली होती आणि माणूस कोणी नव्हतं. तिथं आम्ही गोवऱ्या रचल्या. डोंगर आतून पोकळ आहे आणि मागे हातभर फट आहे, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. (त्याचं धुराचं यंत्र चार महिन्यांपासून बंद आहे, हेही नंतर कळलं. तुम्ही त्यासाठी तीनदा पत्र लिहिलं होतं म्हणे. मला अभिमान वाटला.) निखाऱ्यांचा आर चांगला पडावा म्हणून मी स्वतः सुपानं वारा घातला. सगळा धूर फटीतून आत गेला आणि वर डोंगराच्या तोंडातून असा निघाला की काय सांगू! तुमच्या माइकवाल्या पोरीला वाटलं, यंत्र सुधारलं. तिनं ढोल लावले आणि 'पाहा पाहा, अद्भुतनगरीचा ज्वालामुखी जागा झाला' असं सुरू केलं. पाचसहाशे माणसं गोळा झाली. टाळ्या, शिट्ट्या, फोन वर. आम्हालाही मागून ढोल ऐकू येत होते, आम्ही समजलो तुम्ही आमच्या स्वागताची सोय करून गेलात. सासूबाईंच्या डोळ्यात पाणी आलं. थोडं धुरानंही आलं असेल.

मग वास सुटला. गोवरीवर गव्हाचा रोडगा फुटायला लागला आणि शेजारी वांग्याची भाजी रटरटायला लागली, की माणूस कुठल्याही झुल्यावरून खाली उतरतो. लोक डोंगराला वळसा घालून मागे आले आणि उभे राहिले. उभ्या माणसाला बसा म्हणायचं नाही, असं आमच्या घरात झालेलं नाही. सत्तावीसचे रोडगे साठ जणांत फोडले, तूप सगळ्यांना मिळालं. तासभर तुमच्या झुल्यांवर कोणी नव्हतं आणि फूड कोर्टात तर चिटपाखरू नाही. खरी तक्रार त्या फूड कोर्टवाल्याची आहे, बाकीचं सगळं त्यानं वरून लावलं. पत्रावळीचा एक तुकडा मी हिरवळीवर राहू दिला नाही, किल्लीवाल्या गृहस्थालाही वेचायला लावलं. डोंगराला मात्र मागे दोन हात काळा डाग पडला आणि फट जरा मोठी झाली. हे मी कबूल करतो.

शिपायांनी आम्हाला चार वाजता बाहेर काढलं. ते काढत असताना मी एक चूक केली, ती सांगतो. मी मोठ्यानं ओरडलो, 'अबे, हात नको लावू! मी मॅनेजरसाहेबाचा सासरा होय!' तेच तुम्हाला भोवलं. नुसता वलगावचा वामनराव राहिलो असतो तर तुम्हाला कोणी खुलासा मागितला नसता. तीन रात्री हेच डोक्यात फिरतं आहे. बाकी कशाची लाज वाटत नाही, याची वाटते.

वर्षालीला आशीर्वाद. ताक प्या, चहा कमी करा.

तुमचा,
वामनराव

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. काल मंगळवारी मी एकटाच अकोल्याला येऊन तुमच्या मालकांना, उस्मानशेठना, भेटून आलो. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही येऊ दिलं नसतं. दोन तास बाहेर बसवलं, मग आत बोलावलं. माफी मागितली, डोंगर माझ्या हातानं सारवून देतो म्हणालो. (तो मातीचा नाही, हे तेव्हा कळलं.) शेठ म्हणाले, 'सच बोलो वामनराव, श्याम तुमचा जावई हाय का नाही?' मी म्हणालो, नाही. 'शिपायाले भेव दाखवाले तसंच बोललो होतो, त्या साहेबाले मी ओळखतही नाही.' जावईबापू, हे म्हणायला क्षण लागला, पण नंतर मी प्यायला पाणी मागितलं. शेठनी लगेच दिलं. तेव्हा शनिवारी खुलाशात तसंच लिहा, की सदर इसम माझ्या नात्यातला नाही. बिनधास्त लिहा, मी राग मानणार नाही.

ता. क. दोन. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून मी सोबत डबा नेला होता. उस्मानशेठ मूळचे आपल्याकडचेच निघाले. रोडगे त्यांनी बारा वर्षांत खाल्ले नव्हते. चार खाल्ले, भाजीचं भांडं पुसून घेतलं, आणि म्हणाले, 'माणूस चांगला हाय तू, पन पुन्हा पार्कात दिसू नको.' त्या भरात मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. ते लगेच हो म्हणाले. येत्या रविवारी, बेगमना घेऊन येतात.

ता. क. तीन. खरं काम हे आहे. हा धोंड्याचा महिना सोमवारी संपतो. जावयाला धोंडे खाऊ घालायला रविवारच उरला आहे. पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी येतो आणि मी अडुसष्टचा आहे. तुम्हाला धोंडे घातल्याशिवाय हा महिना मी जाऊ देणार नाही, मग शेठ येवोत की आणखी कोणी. तेव्हा रविवारी तुम्ही आणि वर्षाली मागच्या दारानं या. शेठना ओसरीवर रोडगे वाढले की मी इकडे गोठ्यात पाट मांडून तुमचे पाय धुतो आणि धोंड्यांचं ताट हातात देतो. मोठ्यानं मामाजी म्हणू नका. आणि शेठ हात धुवायला मागे आलेच आणि त्यांनी पाहिलंच, तर मी सांगीन की आमच्याकडं दाराशी आलेल्या कोणाचेही पाय धुवायची रीत आहे. मग त्यांचेही धुवावे लागतील. मी दोन तांबे भरून ठेवतो.