चांदणी पडव्याच्या दिवशी

प्रिय अनुजा,

परवा फोनवर तू आम्हाला पुण्याला न्यायचं काढलंस, मी 'विचार करते' म्हणाले आणि विषय बदलला, कारण तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून हे पत्र.

तुझे बाबा खिडकीत बसलेत. खाली जुनं सुरत बघायला आलेली मंडळी माना वर करून समोरच्या घराचे कोरीव लाकडी पोपट फोनमध्ये टिपताहेत. त्याच पोपटांना दोरी बांधून मी तुझी दुपटी वाळत घालायचे, बरं का! मग सगळे आपल्या चौकात येतील आणि पावसाच्या पाण्याच्या टाक्याचं झाकण उघडून आपापलं नाव मोठ्यानं पुकारून आत सोडतील, तू सोडायचीस तसंच. बाबा त्यांना सांगतात की नाव खाली जातं, तापीत शिरतं आणि जुन्या गलबतांच्या वाटेनं अरबस्तानात पोचतं. मंडळींना घेऊन आलेली गाइड पोरगी हसते, पण बाबांना अडवत नाही. कधीकधी मलाही वाटतं, आपल्या गोपीपुऱ्यातल्या जुन्या व्यापाऱ्यांची नावं अजून त्या पाण्यात तरंगत असतील.

तुझं म्हणणं खरं आहे, बाबा विसरताहेत. गेल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, बाई, तुमचे यजमान किती वाजता येतात? मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मागच्या महिन्यात ते एकटेच गोपी तळ्यापर्यंत गेले होते, भाजीवाल्यानं हाताला धरून आणून सोडलं. पुण्यात लिफ्ट आहे, दारावर वॉचमन आहे, तुझ्याच इमारतीत डॉक्टर आहेत. मीही मनातल्या मनात भांडी बांधायला घेतली होती.

पण कालचं ऐक. त्यासाठी आधी तुझ्या जन्माआधीची एक फजिती सांगायला हवी. आम्ही नवेनवे इथे आलो होतो. कोणीतरी सांगितलं, सुरतचे लोक चांदण्यात फुटपाथवर बसून घारी नावाची तुपाळ माव्याची मिठाई खातात. आम्हाला वाटलं, म्हणजे कोजागिरीच! दिवेलागणीला चटई, आटवलेलं दूध आणि चार पेले घेऊन दोघं खाली जाऊन बसलो. गल्लीत चिटपाखरू नाही. लोक येता-जाता बघत होते. शेवटी समोरच्या जशुबेननी गॅलरीतून हाक दिली, "अरे मुकुंदभाई, पडवो तर उद्या छे!" इथली घारी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदणी पडव्याला! बाबा लाजून लालबुंद झाले. दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली खाली उतरली आणि आमच्या पानात इतकी घारी पडली की दोन दिवस जेवण नको झालं. सुरतचं जेवण नि काशीचं मरण म्हणतात, त्यातलं पहिलं तेव्हा कळलं.

काल कोजागिरी होती. मी दूध ढवळत होते. मागे वळून बघते तर बाबा नाहीत आणि चटईही नाही. धावत खाली गेले. ते फुटपाथवर, त्याच जागी, चटई अंथरून बसले होते. मला बघून म्हणाले, सुलभा, पेले आण, लोक येतीलच आता. किती दिवसांनी त्यांनी मला नावानं हाक मारली गं! आता पडवा उद्या आहे हे मी कोणत्या तोंडानं सांगणार?

तेवढ्यात जशुबेन काठी टेकत बाहेर आल्या. ऐंशी वर्षांच्या बाईनं एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि शेजारी आपली चटई टाकली. मग त्यांची सून आली. मग कोपऱ्यावरचे शहाकाका आजच्यासाठी आणून ठेवलेल्या घारीचा डबा काल फोडून आले. चंद्र पोपटांवर आला तोवर गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. एकानंही तिथीचा विषय काढला नाही. बाबा पेले भरत होते आणि प्रत्येकाला 'या, बसा' म्हणत होते.

म्हणून हे पत्र, बाळा. तू सामानासाठी ठरवलेला टेम्पो रद्द कर. तुझ्याकडे त्यांना सगळं मिळेल, पण तिथं ते चुकले तर त्यांच्याबरोबर चुकायला कोणी नाही. रागावलीस तरी चालेल. आज खरा पडवा आहे, संध्याकाळी आम्ही पुन्हा बसणार आहोत आणि मी तुझ्या वाटणीची घारी काढून ठेवणार आहे.

तुझीच, गोपीपुऱ्यातली हट्टी
आई