चांगल्या हाताचा मोजा

३ तारीख, सोमवार
दुपारी भाचीकडे पोहोचले. घर छान उजेडाचं आहे, माझी खोलीही नीटनेटकी. पोरगी जेमतेम एकोणतीस वर्षांची. चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. जीभ मात्र शाबूत. मला पाहून म्हणाली, आली, लष्कराची तुकडी आली. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी पद्धत समजावली. चांगल्या उजव्या हातात रोज तीन तास जाड मोजा घालायचा, म्हणजे डाव्याला काम करावंच लागतं. पस्तीस वर्षं मी वाचनालय सांभाळलं. शिस्त मला कुणी शिकवायला नको.

५ तारीख
डाव्या हाताने आज कपड्यांचे चौदा चिमटे दोरीला लावले. जावई आनंदाने रडायचेच बाकी होते. भाची म्हणाली, मावशी, मी नव्हते गं लावत. मी म्हटलं, मग काय शेजारीण लावून गेली? तीन तासांचे पाच केले.

८ तारीख
भाची मोजा दातांनी ओढून काढते आणि उजव्या हाताने डावं मनगट दाबून बसते. म्हणते, सोडला की तो माझ्याकडे येतो. कामचुकारपणाला मी कधी भीक घातलेली नाही. मोज्याची नाडी निरगाठ मारून बांधली.

१० तारीख
सकाळी तिच्या गळ्यावर चार वळ. दुसऱ्या बाजूला अंगठ्याचा एक. बाईंना फोन केला. म्हणाल्या, कधीकधी हात असा अनावर होतो, उद्या संध्याकाळी येऊन बघते. दुपारी ती झोपली होती. हात जागा होता. उशीवरून बोटांनी सरकत — गळ्याकडे —

११ तारीख, दुपार
सकाळी पुन्हा हट्टाने बांधलेला मोजा सोडायला गेले. तिच्या डाव्या हाताने माझं डावं मनगट धरलं. जावई सहाला येणार. फोन स्वयंपाकघरात. ही वही तेवढी हाताशी —

जावईबापू, यात पोरीचा काही दोष नाही. माझा आहे.

ती रडतेय. मावशी, ओढून घे हात, म्हणतेय. ओढणार नाही. मला धरून आहे तोवर तिचा गळा —

निरगाठ एका हाताने सुटत नाही. दातांनीही —

त्याची पकड सैल होतेय. एक बोट. दोन. आता मीच त्याला घट्ट